काडतूस, हातभरणीचे (हरणाच्या शिकारीसाठी)

रायफलीतून एकदा उडविलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा वापरात आणून तीत नवी टोपी, मोजून घेतलेली धूमरहित दारू आणि निवडक गोळी बसवून व्यक्तिगत उपयोगासाठी तयार केलेल्या काडतुसास हातभरणीचे काडतूस म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि यूरोपातील काही देशांत परवानाधारक शिकारी व नेमबाज अशी काडतुसे स्वतः भरतात. हरणाच्या शिकारीसाठी असे काडतूस निवडताना जनावर तत्काळ व निश्चितपणे मरेल की नाही, भरणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या जीवितास धोका आहे की नाही आणि मांस खाण्यास योग्य राहील की नाही, असे तीन प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. काडतूस चुकीचे असेल, तर जखमी जनावर झाडीत निघून जाते व तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस यातना भोगून मरते. भरण चुकीचे असेल, तर रायफलच फुटते.

मराठीत हरीण हा शब्द मृगकुलातील (सर्व्हिडी) शिंगे गाळणाऱ्या आणि गोकुलातील (बोव्हिडी) कायम शिंगांच्या अशा दोन्ही प्रकारच्या प्राण्यांना लावतात. प्रस्तुत नोंदीत मृगकुलातील प्राणी, विशेषतः उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण (ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस), अभिप्रेत आहे. कारण हातभरणीचा सर्वाधिक प्रसार याच हरणाच्या शिकारीच्या अनुषंगाने झाला.

इतिहास : धातूच्या पुंगळीची मध्यस्फोटी काडतुसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. १८६६ च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन व इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी टोपीचे दोन वेगवेगळे प्रकार सिद्ध केले. बॉक्सर टोपीसाठी पुंगळीच्या तळाशी मध्यभागी एकच ज्वालाछिद्र असते व त्यातून सळई घालून वापरलेली टोपी सहज ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत सामान्यतः दोन छिद्रे मध्यापासून बाजूला असल्याने हे काम अवघड होते. पुढे इंग्रजी बॉक्सर टोपी अमेरिकेत रूढ झाली व अमेरिकन बर्डन टोपी यूरोपात स्थिरावली. हातभरणी अमेरिकेत अधिक फोफावण्याचे हे एक कारण आहे. १८७० नंतरच्या दशकात तेथील गव्यांचे शिकारी काळी दारू वापरून आपल्या पुंगळ्या मुक्कामावरच भरीत असत.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूमरहित दारू तयार केली. काळ्या दारूपेक्षा तिची ऊर्जा अधिक असल्याने गोळीचा व्यास कमी करून वेग वाढविणे शक्य झाले. १८९५ मध्ये बाजारात आलेले ·३०-३० विंचेस्टर हे अमेरिकेतील धूमरहित दारूचे पहिले महत्त्वाचे शिकारी काडतूस होय. त्यानंतरची बहुतेक लोकप्रिय काडतुसे लष्करी काडतुसांपासून निघाली. अमेरिकन सैन्याच्या ·३०-०६ (१९०६) या काडतुसाच्या पुंगळीची मान आवळून ·२७० विंचेस्टर (१९२५) तयार झाले. ·३०८ विंचेस्टरच्या (१९५२) पुंगळीपासून ·२४३ विंचेस्टर (१९५५) व ७ मिमी.-०८ रेमिंग्टन (१९८०) ही निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली लष्करी दारू स्वस्तात उपलब्ध झाल्यामुळे हातभरणी हा सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यातील उद्योग झाला.

रचना व कार्य : काडतुसाचे पुंगळी, टोपी, दारू व गोळी असे चार भाग असतात. चाप ओढल्यावर सुईचा आघात टोपीवर होतो, टोपीतील आघातसंवेदी मिश्रण पेटून ज्वाला दारूपर्यंत पोहोचते आणि दारूच्या जलद ज्वलनाने निर्माण झालेले वायू गोळीस नळीतून पुढे लोटतात. त्या क्षणी पितळ फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट बसते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते आणि पुंगळी बाहेर काढता येते. पितळाच्या या लवचिकपणामुळेच पुंगळी पुन्हा वापरता येते. काडतुसाच्या घटकांपैकी तीच सामान्यतः सर्वांत महाग असल्याने हातभरणीत खर्च वाचतो. परंतु एका विशिष्ट रायफलीला मानवणारे भरण तयार करता येणे, हा तिचा अधिक मोठा लाभ मानतात.

अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेली शस्त्रे व दारूगोळा उत्पादकांची संस्था प्रत्येक काडतुसाची मापे व कमाल दाब ठरवून देते. ·३०-३० साठी हा दाब दर चौ. इंचास ४२,००० पौंड, ·३०-०६ साठी ६०,००० पौंड, ·३०८ साठी ६२,००० पौंड व ·२७० साठी ६५,००० पौंड आहे. कोणतेही भरण या मर्यादेच्या आतच असले पाहिजे.

निवडीची तत्त्वे : हरणाच्या हृदय व फुप्फुसांचा भाग बाजूने पाहिल्यास सु. २० सेंमी. व्यासाच्या वर्तुळात सामावतो. या भागातून गोळी आरपार गेल्यास रक्तस्राव होऊन व फुप्फुसे निकामी होऊन मेंदूचा रक्तपुरवठा थोड्याच सेकंदांत थांबतो. तरीही हरीण ५० ते १०० मी. धावू शकते. म्हणून गोळी या वर्तुळात नेऊन पोहोचविणे व तेथे तिने पुरेशी खोल आणि रुंद जखम करणे, ही दोनच कार्ये काडतुसाकडून अपेक्षित असतात. केवळ ऊर्जेचा आकडा मोठा असल्याने पोटात लागलेली गोळी प्राणघातक जलद ठरत नाही.

प्रचारातील काही काडतुसांची नमुन्यादाखल वैशिष्ट्ये खालील कोष्टकात दिली आहेत. मुखवेग म्हणजे नळीच्या तोंडाशी असणारा गोळीचा वेग होय. नळीची लांबी व भरण यांनुसार आकडे बदलतात.

| काडतूस | वर्ष | गोळीचा व्यास (मिमी.) | गोळीचे वस्तुमान (ग्रॅ.) | मुखवेग (मी./से.) | मुखऊर्जा (ज्यूल) |
|---|---|---|---|---|---|
| ·३०-३० विंचेस्टर | १८९५ | ७·८२ | ९·७ | ७२८ | २,५८० |
| ·३०-०६ | १९०६ | ७·८२ | ९·७ | ८८७ | ३,८२० |
| ·२७० विंचेस्टर | १९२५ | ७·०४ | ८·४ | ९३३ | ३,६६० |
| ·३०८ विंचेस्टर | १९५२ | ७·८२ | ९·७ | ८६० | ३,५९० |
| ·२४३ विंचेस्टर | १९५५ | ६·१७ | ६·५ | ९०२ | २,६४० |
| ७ मिमी.-०८ | १९८० | ७·२१ | ९·१ | ८७२ | ३,४५० |
| ६·५ क्रीडमूर | २००७ | ६·७१ | ९·१ | ८२६ | ३,०९० |

कोष्टकातील सर्व काडतुसे पांढऱ्या शेपटीच्या हरणास पुरेशी आहेत. त्यांतून निवड करताना शिकारीचे अंतर व शिकाऱ्याची सहनशक्ती यांचा विचार प्रथम करावा लागतो. सु. १८३ मी. अंतरावर नेम जुळविलेल्या ·३०८ ची गोळी सु. ९१ मी. वर नेमरेषेच्या ५ सेंमी. वर व सु. २७४ मी. वर २२ सेंमी. खाली असते. नेम बदलल्याशिवाय गोळी २० सेंमी. व्यासाच्या वर्तुळात राहील असे अंतर ·३०८ साठी सु. २४० मी. व ·३०-३० साठी सु. १८० मी. भरते. दाट रानात, जेथे हरीण क्वचितच १०० मी. पेक्षा दूर दिसते, तेथे सव्वाशे वर्षांहून जुने ·३०-३० आजही उणे पडत नाही.

गोळी पुढे जाताना रायफल मागे धक्का देते. सु. ३·५ किग्रॅ. वजनाच्या रायफलीत या धक्क्याची ऊर्जा ·२४३ साठी सु. १२, ·३०८ साठी सु. २१ व ·३०-०६ साठी सु. २५ ज्यूल असते. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना अंग आखडते, डोळे मिटतात व नेम चुकतो. अशा शिकाऱ्याने मोठे काडतूस घेणे हे जनावर जखमी होऊन निसटण्याचे एक कारण होते. नवशिक्यासाठी व हलक्या बांध्याच्या व्यक्तीसाठी ·२४३ किंवा ७ मिमी.-०८ यांची शिफारस याच कारणाने करतात. हातभरणीत मान्य मर्यादेतील सौम्य भरण करून मोठ्या काडतुसाचा धक्काही कमी करता येतो.

गोळी : हातभरणीत आधी गोळी ठरवावी व मग तिला अनुरूप दारू शोधावी, असा क्रम योग्य मानतात. शिकारीची गोळी लक्ष्यात शिरल्यावर पसरली पाहिजे. ती पसरली नाही, तर अरुंद भोक पाडून निघून जाते. ती फार लवकर फुटली, तर खांद्याच्या हाडावरच थबकते. तांब्याचे वेष्टन असलेल्या शिशाच्या मऊ टोकाच्या सामान्य गोळीस पसरण्यासाठी सु. ५५० मी./से. इतका तरी वेग लागतो. यावरून तिची अंतराची मर्यादा ठरते. ·३०-३० साठी बनविलेल्या गोळ्या याहून कमी वेगालाही पसरतील अशा मऊ ठेवतात. अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये विक्रीस आणलेल्या गोळीत मध्यभागी तांबेमिश्रित धातूचा आडपडदा असतो. तिचा पुढचा भाग पसरतो व मागचा अखंड राहून खोल जातो.

पसरणाऱ्या गोळीसंबंधी युद्धाचे व शिकारीचे नियम परस्परविरुद्ध आहेत. कोलकात्याजवळील दमदम येथील कारखान्यात तयार झालेल्या व त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीनंतर १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांस बंदी घातली. हरणाच्या शिकारीत मात्र न पसरणारी गोळी अनेक देशांत निषिद्ध आहे. अनावश्यक यातना टाळणे, हाच हेतू दोन्ही नियमांमागे आहे.

शिशाच्या गोळीचे सूक्ष्म तुकडे जखमेपासून बरेच दूर मांसात विखुरतात. २००८ मध्ये उत्तर डकोटा राज्यात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात असे तुकडे आढळल्यावर ते मांस वाटू नये, असे अन्नछत्रांना कळविण्यात आले. टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या कॅलिफोर्नियातील काँडॉर गिधाडांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत आणि डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या काडतुसांतही शिशावर बंदी घातली. त्यामुळे अखंड तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढत आहे. तांब्याची घनता ८·९६ व शिशाची ११·३४ असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी नळीतील आट्यांचा पीळ अधिक लागतो (इंग्लंडमधील ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासंबंधी सूत्र दिले). शिवाय ती पुंगळीत अधिक खोल बसते व दारूची जागा कमी करते. म्हणून शिशाच्या गोळीचे भरण तांब्याच्या गोळीस जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते. वजनाने हलकी गोळी घेऊन तिच्यासाठी दिलेले स्वतंत्र भरणच वापरावे लागते.

नळीच्या खाली लांब नळकांड्यात काडतुसे एकामागे एक ठेवणाऱ्या ·३०-३० रायफलीत कठीण अणकुचीदार टोकाची गोळी वापरीत नाहीत. अशा गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते व धक्क्याने ती टोपी पेटू शकते. अशा रायफलीसाठी चपट्या टोकाच्या किंवा मऊ बहुवारिक टोकाच्या गोळ्या तयार करतात.

दारू व भरण : धूमरहित दारू ज्वलनाच्या गतीनुसार वर्गीकृत असते. लहान पुंगळी व हलकी गोळी यांस जलद, तर मोठी पुंगळी व जड गोळी यांस मंद दारू अनुरूप असते. ·३०८ साठी मध्यम व ·२७० साठी मंद दारू सामान्यतः वापरतात. पिस्तुलाची जलद दारू चुकून रायफलीच्या काडतुसात पडल्यास दाब क्षणार्धात मर्यादेबाहेर जातो. पुंगळी बरीचशी भरून टाकणारी दारू निवडल्यास दुप्पट भरण झाल्याबरोबर दारू बाहेर सांडते व चूक लक्षात येते. दारूचे प्रमाण उत्पादकांच्या छापील कोष्टकांवरूनच घ्यावे लागते. कमाल भरणापेक्षा सु. १० टक्के कमी भरणापासून आरंभ करून थोडेथोडे वाढवीत जाणे ही रूढ पद्धत आहे. अति कमी भरणही सुरक्षित नसते. गोळी नळीतच अडकते व पुढची गोळी सुटताच नळी फुटते.

भरणीपूर्वी पुंगळी तपासून स्वच्छ करतात, साच्यात दाबून मूळ मापावर आणतात व जुनी टोपी काढतात. वारंवार वापराने पितळ पुढे सरकून मान लांबते. ·३०८ च्या पुंगळीची लांबी ५१·२ मिमी. पेक्षा अधिक झाल्यास मान कोठीच्या तोंडाशी चेपली जाऊन गोळी सुटण्यास अडथळा होतो आणि दाब वाढतो. म्हणून ती कापून मापात ठेवतात. नंतर टोपी बसवून, दारू तोलून घालून व गोळी दाबून एकूण लांबी मोजतात. ·३०८ साठी ती ७१·४ मिमी. पेक्षा अधिक नसावी. लष्करी पुंगळ्यांची भिंत पुष्कळदा जाड व आतील पोकळी कमी असल्याने त्यांसाठी भरण कमी करावे लागते.

टोपी चपटी होणे, खटका उघडण्यास जड जाणे व पुंगळीच्या तळाजवळ चकचकीत वर्तुळ उमटणे ही धोक्याची लक्षणे होत. पहिली दोन अतिदाबाची असून तिसरे पुंगळी तेथून तुटण्याच्या बेतात आल्याचे दर्शविते. ही लक्षणे दिसली नाहीत म्हणजे दाब मर्यादेत आहे असे मात्र नव्हे. पुष्कळदा ती मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसतात. दारूचा दाब तापमानाबरोबर वाढत असल्याने हिवाळ्यात निर्धोक ठरलेले कमाल भरण उन्हाळ्यात धोकादायक होऊ शकते.

चाचणी : अचूकतेच्या बाबतीत हातभरणी करणारे अनेकदा गरजेपलीकडे जातात. १८० मी. अंतरावरील २० सेंमी. वर्तुळाचा विचार करता १०० मी. वर ४ ते ५ सेंमी. च्या वर्तुळात गोळ्या टाकणारी रायफल हरणासाठी पुरेशी आहे. तीन गोळ्यांचा एखादा घट्ट समूह योगायोगानेही येतो. दहा गोळ्यांचा समूह अधिक विश्वसनीय असतो. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतून सुटते, म्हणून ती कोठे जाते हे वेगवेगळ्या दिवशी तपासणे महत्त्वाचे असते. मेजावर रायफल टेकवून मिळालेली अचूकता रानात गुडघ्यावर बसून किंवा उभ्याने मिळत नाही. शिकाऱ्याने स्वतःचे अंतर अशा स्थितीतील सरावावरून ठरवावे व त्यापलीकडचे हरीण सोडून द्यावे, हा सर्व अनुभवी शिकाऱ्यांना मान्य असलेला नियम आहे. नेम लागल्यावर काही वेळ थांबून रक्ताचा माग काढीत जनावर शोधणे हेही त्याचे कर्तव्य मानले जाते.

कायदा : इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीण अधिनियमानुसार रायफलीचा व्यास किमान ०·२४० इंच (६·१ मिमी.) व मुखऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड (सु. २,३०५ ज्यूल) लागते व गोळी पसरणारी असावी लागते, लहान जातींच्या हरणांसाठी काही सवलत आहे. जर्मनीत रो हरणासाठी १०० मी. अंतरावर किमान १,००० ज्यूल ऊर्जा, तर तांबड्या हरणासाठी किमान ६·५ मिमी. व्यास व १०० मी. वर २,००० ज्यूल आवश्यक असतात. त्यामुळे इंग्लंडमध्ये चालणारे ·२४३ जर्मनीत, ऊर्जा पुरेशी असूनही, तांबड्या हरणासाठी वापरता येत नाही. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे आहेत, उदा., सपाट व दाट वस्तीच्या ओहायओ राज्यात २०१४ पासून केवळ सरळ भिंतीच्या पुंगळीच्या, म्हणजे तुलनेने कमी पल्ल्याच्या, रायफलींना हरणासाठी परवानगी मिळाली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट इ. हरणांच्या शिकारीस बंदी आहे. मानवी जीवितास किंवा पिकांस धोका असल्यास अधिकाऱ्यांच्या आदेशाने अपवाद करता येतो, उदा., बिहारच्या काही जिल्ह्यांत डिसेंबर २०१५ मध्ये रोही (नीलगाय) व रानडुक्कर यांना एका वर्षासाठी उपद्रवी प्राणी घोषित करण्यात आले होते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे हातभरणीची परंपरा भारतात रुजली नाही. लष्करी व्यासाच्या रायफली नागरिकांस निषिद्ध असल्याने येथे ·३१५ व्यासाची रायफल प्रचारात आली व तिची काडतुसे आयुध कारखान्यांतून तयार होऊन येत. भारतातील शिकारीच्या इतिहासात नाव मिळविलेले काडतूस म्हणजे ·२७५ रिग्बी होय. १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने स्वीकारलेल्या ७ × ५७ मिमी. मौझर काडतुसाचे हे इंग्रजी नाव असून, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना या काडतुसाची रायफल भेट मिळाली होती. ऊर्जेच्या मानाने मध्यम असलेले हे काडतूस हरणांसाठी परदेशात आजही भरले जाते. सौम्य धक्का, लांब गोळी व नेमक्या जागी मारा यांच्या जोरावर ते एका शतकाहून अधिक काळ टिकून आहे.